विमानाचं नाक आणि गच्चीवरची खोली

गच्चीवर खोली चढवायला परवानगी मिळणारच, असं मास्तरांनी लेकीला फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं. तिची बदली इथे झाली होती. नवरा, मुलगी आणि सामान घेऊन ती माहेरी राहायला येणार होती, आणि घरात झोपायची खोली एकच.

"अगं, टॉवरमध्ये सगळी माझीच माणसं," मास्तर म्हणाले.

ते खरंही होतं. निवृत्त होईपर्यंत विमानतळाच्या त्याच टॉवरमध्ये बसून विमानं उतरवण्या-उडवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि आताचा टॉवरप्रमुख त्यांचाच ओरडा खात मोठा झाला होता. मास्तर हे नावही त्यानेच पाडलेलं.

अडचण एवढीच, की विमानतळाचं कुंपण नेमकं मास्तरांच्या घरापाशी आत वळत होतं, त्यामुळे टॉवर आणि धावपट्टीचं टोक यांच्या मधोमध ते घर येई. टॉवरमधून धावपट्टी आणि तिच्याकडे येणारी वाट अखंड दिसलीच पाहिजे. ती झाकेल असं काही बांधता येत नाही. म्हणून पाहणी ठरली. बायकोने गच्चीवर खोलीच्या उंचीचा बांबू धरायचा, टोकाला चादर बांधायची, आणि प्रमुखाने टॉवरमधून बघायचं.

मास्तरही हौसेने टॉवरवर गेले. तीच काच, तीच कुरकुरणारी खुर्ची. दुर्बीण लावली तर गच्ची अगदी हाताशी आली. याच गच्चीवर संध्याकाळी बायको लेकीला कडेवर घेऊन उभी राही आणि लेक टॉवरकडे बघून दोन्ही हात हलवी. मास्तरांना ते कळे, पण विमानांवरून नजर हलवायची सोय नसे. आज त्यांनी पोटभर बघून घेतलं. बायको बांबूला लटकल्यासारखी उभी होती आणि काहीतरी पुटपुटत होती. काय, ते दुर्बिणीशिवायही कळत होतं.

"फक्त गवत झाकलं जातंय, मास्तर. मंजूर," प्रमुख म्हणाला.

इथे गप्प बसायचं होतं. पण मास्तरांच्या लक्षात आलं, बांबू खोलीच्या आतल्या उंचीचा आहे. वरचं छत आणि कठडा धरलाच नाही. त्यांनी फोन लावून बायकोला स्टुलावर चढायला लावलं. चादर वर सरकली. एवढंसं चालतं, म्हणून प्रमुखाने समजूतही काढली. तेवढ्यात एक विमान धावपट्टीकडच्या वळणावर येऊन थांबलं, आणि त्याचं नाक चादरीआड गेलं.

मास्तरांच्या अंगात जुनी ड्युटी संचारली.

"नाक दिसत नाही मला! नामंजूर!"

"हो सर," म्हणत प्रमुखाने सवयीने तसं लिहूनही टाकलं. फोन चालूच होता.

"अहो, कोण ओरडलं ते?"

मास्तरांनी प्रमुखाकडे बघितलं. प्रमुख काचेबाहेर बघू लागला.

"टॉवर," मास्तर म्हणाले.

"आवाज ओळखीचा वाटला." बांबू खाली टेकल्याचा आवाज आला. "असू दे. लेक-जावई खोलीत झोपतील, मी नातीला घेऊन बाहेर. तुमचं अंथरूण टॉवरमध्ये पाठवते. तिथून तुम्हाला सगळं स्पष्ट दिसतं."