लेकरांची अमानत

प्रवेशाचे दिवस आले की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक चमत्कारिक देखावा असे. पोरांची रांग ऑफिसच्या दारापासून लांब, लिंबाच्या झाडाखाली हाकललेली. टेबलाशी एकटाच एक पोरगा. आणि टेबलापलीकडून बडेबाबू त्याच्याकडे वाकून, तोंडावर आडवा हात धरून, दरोड्याचा बेत ठरवावा तसे कुजबुजत, "बापाचं नाव काय रे?"

पोरगंही बिचारं कुजबुजायचं. अडचण अशी, की बडेबाबूंना डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नसे आणि उजव्यानं जेमतेम.

"ज्ञानोबा."

"कोन तोबा?"

"ज्ञानोबा!" पोरगं बोंबलायचं. लिंबाखालची रांग फिदीफिदी हसायची. मग पुढचा प्रश्न पुन्हा कुजबुजत आणि उत्तर पुन्हा बोंबलून. जात, जमीन, उत्पन्न, आई आहे की वारली, सगळं. संध्याकाळपर्यंत निम्म्या हिंगोलीला कळलेलं असे की कुणाच्या बापाकडे किती कोरडवाहू आहे. बडेबाबू मात्र खुशीत घरी जात. आपण सगळं कसं गुपचूप उरकलं म्हणून.

ही गोष्ट कुणीतरी एकदा त्यांच्या कानावर घातली. अर्थात ओरडूनच. त्यांनी इतका धसका घेतला की दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. पुढच्या वर्षीपासून प्रवेश खेळाच्या सामानाच्या खोलीत होऊ लागले. दार बंद. आत एका बाजूला क्रिकेटची पॅडं, दुसऱ्या बाजूला फाटलेलं व्हॉलीबॉलचं जाळं, मधे स्टुलावर बडेबाबू. नवीन पोरांना वाटायचं, आपल्याला खेळायलाच घेतलंय.

नाव माणिकराव कोत्तावार, कॉलेजचे हेडक्लार्क. पण कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना बडेबाबू म्हणत. सत्तरच्या दशकातली गोष्ट ही. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, कॉलेज नवंकोरं होतं, आणि मी नांदेडहून इतिहास शिकवायला नुकताच आलो होतो. बडेबाबू निजामाच्या अमलातल्या उर्दू शाळेत शिकलेले. मराठी बोलताना 'तकलीफ' आणि 'बराबर' असे शब्द त्यांच्या तोंडून सुपारीच्या खांडासारखे पडत. काळी टोपी, भर उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट. विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या कागदांचं एक लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली त्यांनी कमरेच्या करदोट्याला बांधलेली असे. करदोटा काही फार लांब नव्हता, त्यामुळे कपाट उघडायचं तर बडेबाबूंना त्याला बिलगावं लागे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, दोघांची फार दिवसांनी भेट झाली आहे.

"सर, ही अमानत हाय," ते मला म्हणाले होते. "आता समजा, यात्रेला जाताना कुनी तुमच्या घरी बोरमाळ ठिवून गेलं. तुमी ती गळ्यात घालून बाजारात मिरवता का? न्हाई ना? मंग लेकरानं ईस्वासानं सांगितलेलं आपुन काहून मिरवावं?"

तत्त्व उत्तमच होतं. पण बडेबाबू ते कुठवर ताणतील याचा नेम नसे. पुस्तकांचा एक विक्रेता मुलांचे पत्ते मागायला आला, त्याला त्यांनी पाणी पाजून वाटेला लावलं, ते ठीक. गावातला एक पुढारी निवडणुकीआधी नावं मागायला आला, त्याला "साहेब, कपाटाचं कुलूप बिघडलंय" म्हणून सांगितलं, तेही ठीक. पण एकदा साखऱ्याचा एक शेतकरी डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन आला.

"माझं पोरगं कोन्त्या वर्गात बसून राहिलं, सांगता का?"

"पोरगं तुमचंच हाय हे कशावरून?"

म्हातारा चक्रावला. थोडा विचार करून म्हणाला, "तोंडावरून."

बडेबाबूंना हे पटलं. त्यांनी शिपाई पाठवून पोराला बोलावून घेतलं, बापलेकांना दारातल्या उजेडात शेजारी शेजारी उभं केलं, चष्मा वर-खाली करून दोघांची नाकं पाहिली आणि म्हणाले, "व्हय. बराबर हाय."

माझ्यावरही हीच पाळी आली. विम्याच्या कागदासाठी मला माझीच रुजू झाल्याची तारीख हवी होती. ते म्हणाले, "अर्ज द्या."

"अहो बडेबाबू, मी रोज तुमच्यासमोर चहा पितो. मी म्हणजे मीच, हे तुम्हाला माहीत नाही?"

"मला ठावं हाय, सर. पर कपाटाला ठावं न्हाई."

अर्ज दिला.

प्राचार्य आणि बडेबाबूंचं त्यामुळे कायम धुसफुसत असे. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. पुण्याकडे शिकलेला, टापटिपीचा, सगळं फळ्यावर लावण्याची हौस असलेला. त्या काळी सवलतीची आणि शिष्यवृत्तीची यादी अशीच फळ्यावर लागायची. मोठ्या अक्षरात नाव, पुढे जात, पुढे बापाचं उत्पन्न. पोरं यादीपुढे गर्दी करायची, बोटं नाचवायची, आणि ज्याचं नाव तो मागच्या मागे निघून जायचा. एका वर्षी यादी लागली ती नुसत्या हजेरी क्रमांकांची. प्राचार्य तणतणत आले.

"बडेबाबू, नावं कुठं आहेत?"

"नावं लेकरांपाशी हायत, सर. नंबर ज्याचा त्याला पाठ हाय."

"आणि जात?"

"ती सरकारनं इचारली, सरकारला धाडली. फळ्यानं कवा इचारली?"

प्राचार्यांनी लाल शाईचा मेमो दिला. बडेबाबूंनी तो घडी करून कोटाच्या खिशात ठेवला. यादी मात्र पुढेही तशीच लागत राहिली.

त्याच सुमारास पुसेगावकडचा विश्वनाथ गायकवाड बी. ए.ला आला. उंच, सावळा, हनुवटी वर करून बोलणारा. खेळाच्या खोलीत बडेबाबूंनी कुजबुजून जात विचारली, तर हा खणखणीत आवाजात म्हणाला, "बौद्ध. लिवा." बडेबाबू दचकून "हळू, हळू" म्हणाले. त्याला ते कळलंच नाही. खोलीबाहेर येऊन मला विचारतो, "सर, ह्यांच्या घरी कुनी आजारी हाय का?"

विश्वनाथनं किसनरावांकडे खोली घेतली होती. किसनराव कापसाचे अडते. बाजारात वजन, कॉलेजच्या इमारतीला देणगी दिलेली. खोली देताना त्यांनी नाव विचारलं, भाडं आगाऊ घेतलं आणि गप्प राहिले. आठ-पंधरा दिवसांनी त्यांच्या मनात किडा वळवळला. ते थेट कॉलेजात आले. मी तेव्हा ऑफिसात चहा पीत बसलो होतो.

"बडेबाबू, आमच्याकडं ते गायकवाडाचं पोरगं हाय. गायकवाड म्हंजे कोनचे गायकवाड?"

"बी. ए. पैल्या वर्षाचे," बडेबाबू म्हणाले.

"तसं न्हाई वो. गायकवाड आमच्यात बी हायत, त्यांच्यात बी हायत. घरात बायाबापड्या, देवधरम. इचारलेलं बरं."

"पोरगं भाडं देतं का?"

"देतं."

"दंगा करतं का?"

"न्हाई. वाचत बसतं."

"मंग तुमाला समदं ठावं हाय. ह्याच्याहून जास्ती मला बी ठावं न्हाई."

किसनराव उठून प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य त्यांना घेऊन परत आले. "बडेबाबू, किसनराव आपल्या संस्थेचे हितचिंतक आहेत. कपाट उघडा आणि बघून सांगा."

बडेबाबू उठले. मला वाटलं, उघडतात आता. ते कपाटाशी गेले आणि त्याला पाठ लावून, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून उभे राहिले. किल्ली कोटाच्या आत. प्राचार्य चिडले, आवाज चढला, नोकरीचं बोलून झालं. पण बडेबाबू हलले नाहीत.

तेवढ्यात किसनराव हसले. "ऱ्हाऊ द्या, साहेब. आमच्यातला असता तर बडेबाबूनं कवाच सांगितलं असतं. सांगून न्हाई राहिले, म्हंजे कळलं."

ते निघून गेले. बडेबाबू मटकन खुर्चीवर बसले. एवढं तोंड मिटून राखलेली गोष्ट मिटल्या तोंडानंच बाहेर पडली होती. तोंडावर कुणी मारावं तसा त्यांचा चेहरा झाला. चहा समोर निवून गेला.

विश्वनाथची ट्रंक त्याच दुपारी रस्त्यावर आली. बातमी कळताच बडेबाबू ऑफिस तसंच टाकून निघाले. अख्ख्या नोकरीत ते वेळेआधी उठल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्यामागे गेलो. विश्वनाथ ट्रंकेवर बसला होता. पलीकडच्या पानटपरीवरचे लोक बघत होते.

बडेबाबू त्याच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "लेकरा, मी न्हाई सांगितलं. तुझी आन. म्या तोंड उघडलं न्हाई."

"काहून न्हाई सांगितलं?" विश्वनाथ म्हणाला. तो रागावला होता, पण त्यांच्यावर नाही. "त्यांनी मला इचारलं असतं तर म्या सांगूनच टाकलं असतं. आमी बौद्ध हाव, बडेबाबू. त्यात लपवायचं काय हाय? लाजायचं असंल तर किसनरावानं लाजावं."

हे सगळं त्यानं पानटपरीला ऐकू जाईल असं सांगितलं. बडेबाबूंना तर नक्कीच ऐकू गेलं. ते सावकाश म्हणाले, "व्हय. बराबर हाय तुझं. लपवायचं न्हाईच त्यात काई. पर ते तुझं हाय ना? तू सांग, गावभर सांग. म्या काहून सांगू?"

विश्वनाथनं मान डोलावली. "हे बी बराबर हाय."

"उचल मंग तिकडून कडी," बडेबाबू म्हणाले आणि ट्रंकेची दुसरी कडी त्यांनी स्वतः धरली. कुठे जायचं ते विश्वनाथनं विचारलं नाही. भर बाजारातून ती वरात चालली, पुढे उंच पोरगा, मागे काळ्या टोपीतले बडेबाबू. ट्रंक सारखी मागे कलंडत होती.

बडेबाबूंचं घर दोन खोल्यांचं. मागे आंगण, आंगणात सीताफळ. रोज त्यांच्याबरोबर काम करूनही कॉलेजातलं कुणी त्या घरात कधी गेलेलं नव्हतं. आतल्या खोलीत एक खाट, एक सतरंजी, एक ताट. विश्वनाथला बाहेरची खोली मिळाली आणि त्याच संध्याकाळी बाजारातून दुसरं ताट आलं.

गल्लीत कुरबुर झाली. पलीकडची एक बाई बडेबाबूंना रोज भाकरी करून पाठवायची, ती बंद झाली. कुणी बडेबाबूंना विचारलं, "कोन वो हे पोरगं?" की ते म्हणत, "त्यालाच इचारा, तोंड हाय त्याला." आणि विश्वनाथ हनुवटी वर करून सांगत असे. विचारणारेच मग पायाकडे बघायला लागत. भाकरी बंद झाली तेव्हापासून दोघं मिळून रांधू लागले. विश्वनाथला भाकरी थापता येत होती. बडेबाबूंना फक्त पिठलं येत होतं, तेही येतं असं त्यांचं त्यांनाच वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत विश्वनाथ अभ्यासासाठी इथेच थांबला होता. एका दुपारी मी सहज तिकडे गेलो. दार उघडं होतं. आंगणात चूल पेटलेली, बडेबाबू पिठलं ढवळत होते, विश्वनाथ परातीत पीठ मळत होता. मला बघून बडेबाबूंनी पाट सरकवला. मी बसलो.

विश्वनाथ पीठ मळता मळता, नेहमीच्या खणखणीत आवाजात पण बाजारभाव विचारावा इतक्या साधेपणानं म्हणाला, "बडेबाबू, मामीचं नाव काय व्हतं?"

मी चपापलो. बडेबाबूंना बायको होती हेच मला ठाऊक नव्हतं. कॉलेजात कुणालाच नव्हतं.

पळी थांबली. सीताफळावर पाखरं कलकलत होती. मला वाटलं, आता ते अर्ज मागतात. पण ते चुलीकडे बघत म्हणाले, "गोदावरी. गोदा म्हनायचो मी."

"गाव कोनचं?"

"कुरुंदा."

"कशा व्हत्या?"

"कशी म्हंजे... हसायची लई. पाहुनेरावळे बसलेले असायचे अन् ही आतून खो खो हसायची. माझा बाप म्हनायचा, सुनंला समज दे. म्या काय समज देतो? मलाच हसू यायचं."

विश्वनाथ विचारत गेला आणि बडेबाबू सांगत गेले. लग्नात वरातीचा बैल कसा उधळला होता. गोदाला हळदीच्या शेतातला वास कसा आवडायचा, माहेराहून येताना ती ओल्या हळकुंडांची पुरचुंडी आणायची आणि उशाशी ठेवायची. एक मुलगी झाली होती. चालायला लागली नव्हती अजून. पटकीच्या साथीत दोघी एकाच आठवड्यात गेल्या. मुलीचं नाव त्यांनी सांगितलं. "चाळीस वर्सांत कुनी इचारलंच न्हाई," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. फक्त नवल होतं.

"बडेबाबू, पिठलं!" विश्वनाथ ओरडला.

पिठलं करपलं होतं. पातेलं उतरवलं, भाकरी भाजल्या, दोन्ही ताटं मांडली. माझ्यासाठी शेजारून तिसरं मागायची सोय नव्हती, म्हणून विश्वनाथनं आपलं ताट मला दिलं आणि स्वतः परातीत घेतलं. करपट वास सगळ्या आंगणात भरला होता. विश्वनाथ म्हणाला, "ते बुडाचं टाकून द्या, खाऊ नका."

"टाकतो कशाला," बडेबाबू म्हणाले. पळीनं पातेल्याच्या बुडाची खरवड खरवडून त्यांनी आपल्या भाकरीवर घेतली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. "गोदाचं रोज करपायचं. हसण्याच्या नादात."