म्हात्रेकाकांचं कमी आवाजाचं यंत्र

महिन्याचा दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. हजर: चेअरमन सावंत, खजिनदार शिंदेवहिनी आणि सेक्रेटरी म्हणून मी. जागा: कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसबाहेर. आत जाता येत नव्हतं, कारण ऑफिसची एकुलती एक किल्ली वहिनी माहेरी विसरून आल्या होत्या. विषय: तिसऱ्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकांचं कुलूप उघडायचं यंत्र ताब्यात घेणे.

पाच मिनिटं आम्ही दाराकडे बघत उभे होतो.

"म्हात्र्यांनाच बोलवा," सावंत शेवटी म्हणाले.

काका यंत्र घेऊनच खाली आले. ते मूळचे इथल्याच गावातले. तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून बिल्डिंगमधली अडकलेली दारं उघडून देतात. अट एकच, मालक समोर हवा आणि त्याने सल्ला द्यायचा नाही. दार उघडलं की ते कुलपाला मार्क देतात. माझ्या कुलपाला दहापैकी तीन मिळाले. त्याच दिवशी मी महागातलं नवं आणलं. त्याला साडेतीन.

यंत्र म्हणजे बॅटरीवरच्या टूथब्रशची मोटर आणि पुढे पातळ सुई. कुलपात पिनांची रांग असते, प्रत्येकीवर स्प्रिंग. किल्ली त्यांना नेमक्या उंचीवर उचलते. काकांची सुई थरथरली की पिना नुसत्या उड्या मारतात. सगळ्या एकदम हव्या तिथे आल्या, तर त्या क्षणी दुसऱ्या हाताने कुलपात धरलेल्या पट्टीने कुलूप फिरवायचं. पट्टीवर भार जास्त झाला तर पिना अडकून बसतात. म्हणून काकांचं पालुपद: "जोर नको. गुदगुल्या."

घर्र घर्र झालं, दार उघडलं. "ऑफिसला दोन," काका म्हणाले.

आम्ही आत बसलो आणि सावंतांनी मुद्दा काढला. गेल्या आठवड्यात काकांनी ग्रुपवर लिहिलं होतं, 'कमी आवाजाची जुनी मोटर कोणाकडे हाय का?'

"काका, वेग कमीजास्त करायला बटण लावलंत, ते ठीक. पण आवाज येतो म्हणून आम्ही गप्प होतो. बिनआवाजाचं यंत्र कोणाला लागतं?"

"मना लागतं," काका म्हणाले आणि वर निघून गेले.

दोन मतांनी ठराव झाला. मी मत दिलं नाही, म्हणून यंत्र आणायला मलाच पाठवलं.

काकांचं दार उघडं होतं. आत ते बेडरूमच्या बंद दारासमोर गुडघ्यावर बसले होते. मोटर घर्र झाली आणि आतून काकूंचा घाबरलेला आवाज आला, "कोन हाय?"

काकांनी लगेच मोटर बंद केली.

"आतून कुलूप लावते आनि किल्ली लपवते," ते हळूच म्हणाले. "नवी केली, ती पन लपवली. आवाज आला का तिला वाटतं, चोर आला."

"मग कुलूपच काढून टाका ना."

"काढलेला. दोन दिस दाराला पाठ लावून बसली. घरात बाहेरचा मानूस फिरतो म्हनते."

"कोण बाहेरचा?"

"मीच."

मग त्यांनी मोटरीला टॉवेल गुंडाळला, वेग अगदी कमी केला. वीस मिनिटं लागली. दार उघडायच्या आधी ते उठले, केसांवरून हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, "ड्युटीवरून आलो गं."

"आज लवकर सुटलाव?" काकू आतून म्हणाल्या. "च्या ठेवू?"

मी तशीच खाली आले आणि दोघांना सगळं सांगितलं. सावंत घरी गेले आणि आपला दाढीचा ट्रिमर घेऊन आले. त्याचा आवाज यंत्रापेक्षा जास्त निघाला.

इतिवृत्तात पुढची नोंद आहे.
ऑफिसची दुसरी किल्ली करणे: झाली.
यंत्र ताब्यात घेणे: रद्द.
कमी आवाजाची मोटर: जुईनगरच्या दोन दुकानांत विचारलं, मिळाली नाही. बाकी.