पोटाला देश, पाठीला कोकण

वैशाखातल्या दुपारी आमच्या लोणावळ्याच्या बाजारात इस्माईलचाचा लुंगी लावून, उघड्या अंगाने दुकानाच्या पायरीवर उभे राहत. तोंड पूर्वेला, पाठ घाटाकडे. धंदा छत्र्या दुरुस्तीचा, पण जीव सगळा वाऱ्यात.

"पोटाला देशावरचा वारा लागतो, भाऊ. कोरडा, तापट," शेजारचा भांडीवाला म्हणून मला ते दरवर्षी समजावत. "पाठीला कोकणातला. ओला, गार, अंगानं जड. दोगं व्याही! कुनी मागं सरत न्हाई. जड हाय तो खाली घुसतो, तापल्याला वर चढवतो. मग ढगावर ढग, आन् गारा!"

पोट भाजत असताना पाठ एकदम गार पडली, की "व्याही भेटले!" ओरडत चाचा बाजारभर धावत. आम्ही मुकाट्याने दुकानांपुढची कापडं उतरवायचो. एखाद्या वेळी वादळ यायचंच नाही. मी चिडवलं की ते गंभीरपणे सांगत, "कामशेतात समेट झाला." मला हा माणूस फार आवडे.

खऱ्या व्याह्यांशी मात्र समेट नव्हता. चाचांची एकुलती लेक हसीना घाटाखाली, पेणच्या मिठागरवाल्यांकडे दिलेली. लग्नात तिचे सासरे कादरमियाँ बिर्याणीत मीठ कमी म्हणाले. चाचा म्हणाले, "मिठागरवाल्यांना दुधातबी मीठ लागतं." तेव्हापासून लेकीचं माहेर बंद.

एका दुपारी तेच कादरमियाँ आमच्या बाजारात, मोटारीची वाट पाहत उघड्यावर ट्रंकेवर बसलेले. चाचांची पाठ गार पडली. ओरडले नाहीत. छत्री घेऊन सरळ व्याह्यांपुढे गेले.

"आत चला. गारा येत्यात."

"तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही."

"बरं," म्हणत चाचा शेजारी बसले आणि छत्री व्याह्यांच्या डोक्यावर धरली. स्वतःचं डोकं बाहेर. गारा ताडताड सुरू झाल्या. कादरमियाँनी थोडा वेळ कळ काढली.

"अहो, डोकं फुटेल की!" ते खेकसले, आणि चाचांच्या दंडाला धरून त्यांना ओढत त्यांच्याच दुकानात शिरले.

आत चहा आला. चाचा म्हणाले, "चहात मीठ घालू?"

कादरमियाँ ठसका लागेपर्यंत हसले.

पुढच्या आठवड्यात चाचा पायरीवर उलटे उभे दिसले. अंगात धुतलेला सदरा, तोंड घाटाकडे.

"असा कसा वारा कळायचा?" मी विचारलं.

"वारा गेला उडत. हसीना येतीया आज." मग हळूच म्हणाले, "इतकी वर्सं तिकडं बगवत नव्हतं, भाऊ."