चारशे बारा एक नंबर

"भाऊ, माह्या यादीबाहेर हा एजंट पाऊलसुद्धा टाकू शकत नाही!" पुष्पांजलीनं टेबलावर असा हात आपटला, की गोकुळभाऊंच्या कपातला चहा बशीत उतरला.

गोकुळभाऊ हे जळगाव जामोदच्या तूर खरेदी केंद्राचे व्यवस्थापक. दर हंगामात वजनकाट्यावर 'आधी कोणाचा माल' यावरून हाणामारी व्हायची आणि सोडवायला गेलेल्या गोकुळभाऊंनाच मार बसायचा. पुष्पांजलीनं त्यावर तोडगा काढला होता: प्रत्येक शेतकऱ्याला मोबाइलवर नंबर! मंगळवारी चाचणी. जमलं, तर हंगामभराचं काम तिचं. नाही जमलं, तर पुन्हा पुण्याची जुनी नोकरी. तिथल्या साहेबाला तिच्या 'मले-तुले'चं फार हसू यायचं. एक दिवस तिनं राजीनामा त्याच्या तोंडावर फेकला आणि सांगितलं, "आमच्या नांदुऱ्यात बसून तुमच्याहून भारी काम करून दाखवते!" आता खाली मान घालून त्याच माणसाच्या दारात जायचं? त्यापेक्षा विहीर बरी!

हा एजंट म्हणजे संगणकातला मदतनीस. काम सांगा, तो आपणच कमांड चालवून करून टाकतो. पण त्याला मोकळं सोडलं तर घर विकून येईल! म्हणून यादी करायची. यादीतल्या कमांड त्यानं न विचारता चालवायच्या, बाकी प्रत्येक वेळी थांबून परवानगी मागायची. पुष्पांजलीच्या यादीत मोजून सहा कमांड होत्या. संदेश पाठवायचा, तर फक्त तिच्या स्वतःच्या मोबाइलवर. शिवाय तिनं त्याला शुद्ध मराठीत बोलायला लावलं होतं. तिथंच घात झाला.

मंगळवारी सकाळी एजंटला चाचणीच्या कामाला लावून ती जेवायला बसली. लॅपटॉप ओसरीत, आणि लॅपटॉपसमोर वडील, किसनराव.

"बाबा, त्यानं काही इच्यारलं त मले आवाज द्या."

"हाव, तू जेव."

पाचव्या मिनिटाला पडद्यावर अक्षरं उमटली. 'क्षमस्व. यादीतील शेतकऱ्यांना चाचणी संदेश पाठवण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती.' खाली तीन चौकटी: 'एकदाच', 'नेहमीसाठी, पुन्हा न विचारता' आणि 'नाही'.

किसनरावांनी चष्मा पुसला. इतकं अदबीनं त्यांना गेल्या दहा वर्षांत कोणी काही मागितलं नव्हतं! पोरीला हाक मारावी, तर ती ताटावर. जेवत्या माणसाला उठवणं हे त्यांच्या घरात पाप. 'नाही' म्हणणं तर त्याहून मोठं पाप. राहिलं 'एकदाच'. पण किसनरावांनी आयुष्यभर गावातल्या लग्नांची आवतनं दिलेली. घरातल्या एकट्यालाच बोलावणं, हा त्यांच्या लेखी अपमान. आवतन द्यायचं तर चूलबंद! सगळं घर जेवायला या, त्या दिवशी चूल पेटवूच नका! त्यांनी 'नेहमीसाठी' दाबलं आणि लॅपटॉपला म्हणाले, "चालू द्या तुमचं."

एजंटनं चालू ठेवलं. प्रत्येक शेतकऱ्याची वेगळी चाचणी, आणि प्रत्येक चाचणी एकपासून सुरू. चारशे बारा शेतकऱ्यांना संदेश गेला: 'आपला नंबर: एक. माल घेऊन त्वरित यावे.'

साडेदहाला पुष्पांजली लॅपटॉप घेऊन एसटीतून उतरली, तर केंद्राच्या फाटकापासून बसस्टँडपर्यंत ट्रॅक्टर! फाटकात आडगावचे तुळशीराम मोबाइल नाचवत उभे होते.

"हे पाय! एक नंबर! सरक बे बाजूले!"

"काऊन सरकू? माहाबी एकच हाय!"

"माहाबी!"

गोकुळभाऊंचा शर्ट एव्हाना खांद्यावर फाटला होता. "ताई, तुमचा एजंट पाऊल टाकत नव्हता ना? त्यानं पुरा तालुका आनून टाकला!"

पुष्पांजलीच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं घरी फोन लावला. "बाबा! तुमी काय दाबलं?"

"अवं, चांगला बोलून राह्यला होता तो. मंग मी म्हनलं, घरचाच समजा."

"घरचा? चूलबंद आवतन दिलं तुमी त्याले!"

"मंग? एकट्याले बलावनं शोभते काय आपल्याले?"

बापावर ओरडता येईना, म्हणून तिनं सगळा राग लॅपटॉपवर काढला. आधी परवानग्यांची अख्खी यादीच पुसली. घ्या! आता श्वासही विचारून घ्यायचा! मग दाणदाण टाइप केलं: 'सगळ्यांचा एक नंबर काढून टाक! आत्ताच्या आत्ता!'

'फाइल उघडू का?' हो! 'वाचू का?' हो! 'प्रत घेऊ का?' अरे हो! अकरा वेळा त्यानं विचारलं, अकरा वेळा तिनं दाबलं. बाराव्या वेळी चार ओळी आल्या. तोवर तुळशीराम तिच्या खांद्यावरून डोकावत होते.

"बाई, वाचून त पाय, काय म्हनून राह्यलं ते."

"काका, मले शिकवू नका!" म्हणत तिनं बोट हाणलं.

मग अख्ख्या आवारात मोबाइल एकदम वाजले. तुळशीरामांनी मोठ्यानं वाचलं, "आपला नंबर: दोन."

सांगितलं तेच त्यानं केलं होतं. सगळ्यांचा एक काढला आणि पुढचा दिला.

"दोन?" तुळशीराम सावकाश वळले. "मंग एक नंबर कोन हाय?"

चारशे बारा माणसं आता त्या एकाला शोधू लागली. सापडता तर हाडंसुद्धा उरली नसती! गोकुळभाऊ धावत आत गेले आणि शाळेची दोनशे पानी वही घेऊन आले. खुर्ची मांडली, चिठ्ठ्या टाकल्या, चार म्हाताऱ्यांना साक्षीला उभं केलं. दहा मिनिटांत रांग लागली.

"ताई," ते म्हणाले, "माह्यं अक्षर मलेच वाचता येत नाही. तुमी लिहा. आज मार खाल्ल्याबिगर झालं, त हंगामभर तुमीच या."

काम मिळालं होतं! हंगामभराचं! पण वहीत लिहिण्याचं! पुष्पांजलीला असा राग आला, की वही फाडून तिथंच पेटवून द्यावी. तेवढ्यात पुण्याचा साहेब आठवला.

"पेन द्या," ती म्हणाली.