अण्णाजींनी ठोकून आणलेली शीट

"बाबा, हे काय आणलं तुम्ही?"

शीटवरची फिल्म अर्धी सोलून रत्नदीप तिथेच उकिडवा बसला. सावंगीत, कॉलेजच्या रस्त्यावर, त्याचं चष्म्यांचं दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचं होतं. शोकेसच्या दर्शनी बाजूला त्यानं काचेसारखी आरपार ॲक्रिलिक शीट सांगितली होती आणि आतल्या दिव्यांवर लावायला दुधी. दुधी बरोबर आली. समोरची मात्र दाणेदार पॉलिकार्बोनेट निघाली, लोक बाथरूमच्या खिडकीला लावतात ती, आतलं बाहेरून दिसू नये म्हणून. पहिल्याच दिवशी रस्त्यावरून फ्रेमा दिसल्या नाहीत, तर कॉलेजची पोरं वर्ध्याच्या जुन्या दुकानातच जात राहणार होती.

"चांगली तं आणली," अण्णाजी म्हणाले. "पोरं गर्दी करतीन, धक्के मारतीन. त्या ॲक्रिलिकवर मी काठी हाणून पाह्यली, कोपरा टिचला. हिच्यावर दोनदा हाणली, काही नाई झालं."

अण्णाजींनी सारी उमर आर्वी डेपोची एसटी चालवली होती आणि तडकलेल्या काचांशी त्यांचं जुनं वैर होतं. टरबूज असो, माठ असो की दरवाजा, ठोकल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं. डोळे तपासायचं मशीन बसवून घ्यायचं होतं म्हणून रत्नदीपनंच त्यांना वर्ध्याला पिटाळलं होतं. चूक आपली आहे हे कळत असल्यानं तो आणखीच चिडला.

"आतलं काही दिसते का हिच्यातून?"

"काऊन नाई दिसत? मले तं साफ दिसून राह्यलं."

रत्नदीपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं वर्ध्याच्या शीटवाल्याला, गजेंद्रला, फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सरळ फैलावर घेतलं.

"माह्यावर काऊन भडकून राह्यले दादा?" गजेंद्र म्हणाला. "मी साधी आन दाणेदार, दोन्ही समोर ठेवल्या. बाबूजी म्हने, दोन्ही सारख्याच तं हायेत, जाड कोणती ते सांग. आता मापात कापली, वापस नाई घेता येत. दुसरी परवा देतो."

ज्याचा धंदाच डोळ्यांचा, त्यानं या बोलण्यावर जरा थांबायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं कुठे ऐकू येतं? रत्नदीपनं आणखी चार शब्द सुनावले आणि फोन कापला. शोकेस उघडी ठेवावी तर दिव्यांच्या वायरी लोंबताना दिसत होत्या. शेवटी दात-ओठ खात त्यानं तीच शीट बसवली.

सकाळी त्रिसरण-पंचशील झालं, अण्णाजींनी फीत कापली आणि रत्नदीपच्या बायकोनं, समीक्षानं, दिव्यांचं बटण दाबलं. शोकेस झगझगीत उजळली. नागपूरला दोन खेपा मारून निवडलेल्या फ्रेमा त्या उजेडात ताकातल्या मोहरीसारख्या दिसू लागल्या. त्या शीटला एक लाथ घालावी असं रत्नदीपला मनापासून वाटलं, पण ती तुटणार नव्हती.

शेजारच्या जिजाबाई शोकेसपुढे थांबल्या. त्यांनी डोळे बारीक केले, पदरानं पुसले, पुन्हा पाहिलं आणि घाईघाईनं आत येऊन तपासणीच्या खुर्चीत बसल्या.

"माहे डोळे पाह्य रे बापा. कालपर्यंत तं मी सुईत दोरा ओवत होती."

रत्नदीपनं तपासले. "काकू, डोळे एकदम चांगले आहेत तुमचे. ती शीट तशी आहे."

"शीट कशी खराब राहीन? नवी हाय ना ते."

त्यांच्या मागे बँकेतला योगेंद्र होता, त्याच्या मागे होस्टेलच्या पोरी. शोकेस पाहून सगळ्यांनाच आपले डोळे बिघडल्यासारखं वाटलं होतं. रत्नदीप एकेकाला तपासून नंबर नाही, नंबर नाही म्हणत राहिला, तशी गर्दी गुरगुरायला लागली.

"मशीन बरोबर बसलं नसन," योगेंद्र म्हणाला. "साऱ्यायलेच नंबर नाई म्हणता, मंग दुकान काऊन टाकलं?"

आता शीटसोबत मशीनचंही नाव गेलं. रत्नदीप बापाकडे वळला. "पाहा, तुमच्या शीटनं पहिल्याच दिवशी इज्जत घालवली माही."

"शीटले नाव नको ठेवू बे. एवढ्या लोकायचे डोळे खराब हायेत, त्याले मी काय करू? मले दिसते ना."

रत्नदीपनं त्यांचा दंड धरला आणि त्यांना तडक रस्त्यावर आणलं. "सांगा, मधली फ्रेम कोणत्या रंगाची हाय?"

"चश्म्याले रंग पाहून घेतात काय?"

"बरं, शीट सोडा. तिकडे पाहा. समोरचं दुकान कशाचं?"

अण्णाजींनी मान वळवली. "मेडिकल. काऊन?"

समोर सलून होतं. तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक रस्त्याकडे तोंड करून बसलं होतं.

"सलून हाय ते, भाऊ," मागून जिजाबाई हळूच म्हणाल्या.

काल हाच माणूस ही शीट मोटरसायकलला बांधून वर्ध्याहून आला होता, भर रहदारीतून, आणि आपणच त्याला पाठवलं होतं. रत्नदीपचा राग होता तेवढाच होता, पण आता तो सगळा त्याचा त्याच्यावरच उलटला.

"गाडीची चाबी द्या. आन त्या खुर्चीत बसा."

"मी एसटी चालवली बे, माहे डोळे..."

"बसा म्हटलं ना बाबा."

हा आवाज अण्णाजींनी पोराच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ते बसले. रत्नदीपनं तपासणीची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग बदलत गेला. आधी अण्णाजी कुरकुरत होते, मग पुढे सरकून बसले. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी वाचली. मग समीक्षाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तू लय बारीक झाली वं."

मग त्यांचं लक्ष शोकेसकडे गेलं. फ्रेम नाकावर तशीच ठेवून ते बाहेर गेले, पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं आणि लालबुंद होऊन परत आले.

"रत्नदीप, कोण्या गधड्यानं निवडली हे शीट? हे तं बाथरूमची हाय. आतला एक चश्मा दिसून नाई राह्यला."

जिजाबाईंनी तोंडाला पदर लावला. समीक्षा उगाच टेबल पुसू लागली. रत्नदीपनं कालपासून बापाला सुनवायला पुष्कळ काही जमवून ठेवलं होतं, ते त्यानं सोडून दिलं.

"गजेंद्रच्या दुकानातली हाय," तो एवढंच म्हणाला.

"लाव त्याले फोन. मीच बोलतो त्याच्याशी."

रत्नदीपनं फोन लावून बापाच्या हातात दिला आणि कालपासून पहिल्यांदाच खुर्चीत निवांत टेकून बसला.