कुजबुजत्या अरण्यातले अकरा जादा ठोकळे

"नजर घारीची, चिकाटी मुंगीची आणि स्मरणशक्ती हत्तीची," असं भिंगकाका स्वतःचं वर्णन करत. "यात माणसाचं काय आहे?" असं त्यांच्या बहिणीने एकदा विचारलं, तेव्हापासून ते हे वर्णन ती घरात नसताना करत.

त्यांनी कार्डंही छापून घेतली होती : 'ठोकळेतज्ज्ञ, परीक्षक व गुप्तहेर'. यातला 'गुप्त' सगळ्यात ठळक होता, आणि कार्ड गल्लीतल्या प्रत्येक दाराच्या फटीतून आत सरकवलेलं होतं.

आधी काकांच्या कामाची नीट ओळख करून घेऊ, म्हणजे पुढे आपला गोंधळ नको. गोंधळाला काका एकटे समर्थ आहेत. तीस वर्षं ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. बाजारातल्या तराजूंकडे संशयाने बघायचं, ही त्यांची नोकरी. निवृत्तीच्या दिवशी नोकरी सुटली, संशय मात्र घरी आला. तो कुठेतरी खर्च व्हायला हवा, म्हणून काका एका मासिकात ठोकळ्यांच्या सेटची परीक्षणं लिहू लागले. एकात एक घट्ट बसणारे ते प्लॅस्टिकचे ठोकळे हो. त्यांचे ड्रॅगन होतात, जादूगारांचे मनोरे होतात. असे सेट जमवणारी मोठी माणसं पुष्कळ आहेत, आणि नवा सेट घेण्याआधी ती भिंगकाकांनी किती गुण दिलेत ते बघत. या प्लॅस्टिकच्या विटांचा कधी वीट न आलेला माणूस, अशी काकांची ख्याती होती. ती कोणी पसरवली, हा तपास काकांनी कधी हाती घेतला नाही.

घरात काका आणि त्यांची धाकटी बहीण, दोघंच. बहिणीने पस्तीस वर्षं पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवलं होतं आणि अजूनही रोज सकाळी त्या वाचनालयात मुलांचा वर्ग घेत. त्यामुळे सगळी गल्ली त्यांना 'बाई' म्हणे, आणि काकाही. 'कमल' आणि 'कलम' यांतला फरक हजारदा न चिडता समजावलेल्या बाईंना काकांबरोबर राहणं फारसं अवघड जात नसे.

हा प्रसंग काका आता स्वतःच रंगवून सांगतात आणि सांगताना मध्येमध्ये स्वतःचा उल्लेख 'तो गाढव' असा करतात. आपण त्यांना काकाच म्हणू. वयाचा मान आहे.

तर, सोमवारी खोकं आलं. सेटचं नाव 'कुजबुजतं अरण्य'. एक हजार आठशे चौसष्ट ठोकळे. पोकळ बुंध्याचं एक अवाढव्य झाड, मुळांशी झोपलेला ड्रॅगन, शेंड्यावरच्या महालात वनराणी. परीक्षण शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत द्यायचं, कारण तेव्हा अंक छापायला जाणार होता. काकांनी बाह्या सरसावल्या.

मंगळवारी सकाळी काकांनी पावाला मध लावून खाता खाता आजचं काम काय आहे ते खोक्यातल्या जोडणीच्या पुस्तिकेत चाळून पाहिलं, पुस्तिका मिटली आणि ते आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा बाई वर्गावर गेल्या होत्या. टेबलावर बशीखाली चिठ्ठी होती : 'दादा, दोन पानं चिकटली आहेत. ओढू नकोस, वाफेवर धर, सुटतील.'

काकांनी भिंग काढलं. टेबलावर झाडाच्या हिरव्या प्लॅस्टिकच्या पानांची पिशवी होती. दोनशे बारा पानं. त्यातली चिकटलेली दोन कुठली? काकांनी तासभर शोधलं. एकही पान दुसऱ्याला चिकटलेलं दिसेना.

"गुन्हेगार गर्दीत मिसळलाय," काका पुटपुटले. मग त्यांनी किटली चढवली आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा पानांना, चिमट्यात धरून, एकेक करून वाफ दिली.

दुपारी बाईंनी विचारलं, "सुटली का रे पानं?"

"सगळी सुटली."

"सगळी? दोनच होती ना?"

"संशय आला की मी कोणालाच सोडत नाही."

याने पुस्तिकेचं पान न् पान तपासलं असं बाईंना वाटलं. "शहाणा माझा," त्या म्हणाल्या आणि जेवायला वाढायला गेल्या. काका दिवसभर खुशीत होते.

गुरुवारी दुपारी झाड उभं राहिलं, आणि टेबलावर अकरा ठोकळे उरले.

इथे एक गोष्ट समजून घ्या. सेटमध्ये अगदी बारीक ठोकळे एकदोन जास्तच घालतात, कारण ते घरंगळून कपाटाखाली जातात. पण हे बारीक नव्हते. पंख्याच्या आकाराच्या नऊ तपकिरी पाचरी, एक लांब दांडी आणि एक वाकडी पट्टी. काकांनी ते पुन्हा पुन्हा मोजले. तीस वर्षांत त्यांनी कमी माल देणारे शेकडो पकडले होते. जास्त देणारा पहिल्यांदाच सापडत होता.

"बाई, हे प्रकरण साधं नाही. कमी देणाऱ्याचा हेतू कळतो. जास्त देणाऱ्याला काय हवं असतं?"

"काहीतरी लावायचं राहिलं असेल," बाई वह्या तपासत म्हणाल्या.

काका दयाळूपणे हसले. सामान्य माणसाचं मन सोप्या उत्तराकडे कसं धावतं, ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी माळ्यावरून खात्याचा जुना तराजू काढला. एका पारड्यात सगळं झाड आणि उरलेले अकरा ठोकळे, दुसऱ्यात वजनं. खोक्यावर छापलेल्या वजनाशी काटा तंतोतंत जुळला. म्हणजे माल बरोबर होता, एक ठोकळा जास्त नाही, एक कमी नाही. दुसऱ्या कोणीही यावरून ओळखलं असतं की अकरा ठोकळे लावायचे राहिले. काकांनी ओळखलं ते असं : कोणीतरी अकरा खरे ठोकळे काढून, नेमके तेवढ्याच वजनाचे अकरा खोटे ठोकळे आत ठेवले आहेत.

हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत देखणा निष्कर्ष होता. चूक होता, पण देखणा होता.

संशयित एकच. वरच्या मजल्यावरचा दंतवैद्य. त्याच्याकडे एकोणतीस ड्रॅगन होते आणि काकांचं सदर त्याला हवं होतं. काका थेट त्याच्या दवाखान्यात गेले.

"डॉक्टर, काल दुपारी बारा ते एक, मी विचारमग्न असताना, तुम्ही कुठे होतात?"

"एका माणसाच्या तोंडात."

"साक्षीदार?"

"होता की. पण त्याला बोलता येत नव्हतं."

"सोयीचं आहे!"

"काका, जरा आ करा बघू."

काका दोन दाढा साफ करून घेऊन खाली आले. तपासात प्रगती शून्य होती, पण तोंडाला पुदिन्याचा वास छान येत होता.

मग तिसरा निष्कर्ष आला. दोष सेटमध्येच आहे. वनराणी शेंड्यावर बसलीय आणि तिला खाली उतरायला वाट नाही. शिडी नाही, दोर नाही. ती राणी नाहीच, ती कैदी आहे! आणि अकरा ठोकळे निव्वळ दिशाभूल करायला घातलेत. काकांनी संपादिकाबाईंना फोन लावला.

"दहापैकी दोन," ते गंभीर आवाजात म्हणाले. "तेही ड्रॅगन झोपेत गोड दिसतो म्हणून."

पलीकडून संपादिकाबाई म्हणाल्या, "काका, कारखाना लहान आहे. पहिले दोनशे सेटच केलेत त्यांनी. पुढचे करायचे की नाहीत, ते तुमच्या गुणांवर ठरणार आहे. दोन म्हणजे सेट बंद. मला हे त्यांना कळवावं लागेल."

"कळवा. मी तोंड बघून वजन करत नाही."

फोन ठेवल्यावर त्यांना उगाच अस्वस्थ वाटलं. दाढेमुळे असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी तीन वाजता बेल वाजली. दारात पंचविशीतली एक मुलगी, खांद्याला पिशवी, डोळे जागरणाने लाल.

"भिंगकाका तुम्हीच ना? कारखान्यातून आलेय. ते झाड मी बनवलंय."

"झाड मी बनवलंय," काका म्हणाले. "तीन दिवस लागले."

"मला तीन वर्षं लागली."

काकांनी दार पूर्ण उघडलं. त्यांनी तिला आत घेतलं. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने हातात तसाच धरून ठेवला.

"काल तुमचे गुण कळले. मालक म्हणाले, सोमवारपासून मला परत खोकी भरायच्या विभागात जायचंय. जाईन मी. पण दोन का, ते बघितल्याशिवाय राहवेना." ती टेबलाजवळ गेली. झाडाकडे बघितलं. वाकून बघितलं. "काका, ही पानं अशी माना टाकून का बसलीत?"

"ते... पानगळीचं वातावरण आहे."

"प्लॅस्टिकला?" ती बुंध्याच्या पोकळीत डोकावली आणि एकदम सरळ झाली. "जिना कुठे गेला?"

"कसला जिना?"

"गोल जिना! बुंध्यातला! चौऱ्याहत्तर आणि पंचाहत्तर, त्या दोन पानांवर तर आहे."

"पोरी, पानं दोनशे बारा आहेत. मी प्रत्येक पान भिंगाखालून घातलंय. एकाही पानावर जिना नाही."

"दोनशे बारा? अहो, पुस्तिका एकशे चाळीस पानांची आहे!"

"पुस्तिकेचं कोण बोलतंय?"

"मीच बोलतेय!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. वर्गात एखाद्या मुलाने 'घर' पाहून 'गर' वाचलं की त्या जशा बघत, तशा त्यांनी भावाकडे बघितलं. मग उठून पुस्तिका आणली, उघडली आणि काकांच्या पुढ्यात धरली.

"दादा, आकडे मोठ्याने वाच."

"त्र्याहत्तर," काका म्हणाले. बाईंनी पान उलटलं. "शहात्तर."

"त्र्याहत्तरनंतर काय येतं?"

काकांनी बोटांवर मोजून पाहिलं नाही, एवढी लाज त्यांनी राखली.

"मी चिठ्ठी ठेवली होती ना? दोन पानं चिकटलीत, वाफेवर धर?"

"धरली होती की वाफेवर!"

"काय धरलंस?"

तिघांनी एकदमच मान वळवून झाडाकडे पाहिलं. दोनशे बारा पानं खाली बघत होती. काकाही.

रचनाकार मुलीला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिने तोंडावर हात धरला. पण हसू बोटांच्या फटींतून बाहेर आलंच. पेल्यातलं निम्मं पाणी ड्रॅगनवर सांडलं.

बाईंनी चौऱ्याहत्तर आणि पंचाहत्तर ही पानं किटलीवर धरली. मध विरघळला, पानं सुटली. आत होता तो जिना. नऊ पाचरी दांडीभोवती ओवायच्या, वाकडी पट्टी कठडा म्हणून लावायची. वीस मिनिटांचं काम. मुलीने ठोकळ्याला हातसुद्धा लावला नाही. काकांकडूनच करून घेतलं. मग म्हणाली, "आता बाजूची फांदी फिरवा."

काकांनी फांदी फिरवली. मिटलेला जिना पंख्यासारखा उलगडत गेला आणि वनराणी गोल गोल फिरत, पायरी पायरीने, शेंड्यावरून मुळांपर्यंत उतरली. ती खाली टेकताच ड्रॅगनने एक डोळा उघडला.

काकांनी परीक्षणासाठी म्हणून फांदी तीनदा फिरवली. चौथ्यांदा कशासाठी फिरवली, ते त्यांनी सांगितलं नाही.

"हे जमायलाच तीन वर्षं गेली," मुलगी म्हणाली. "बाकी झाड आठवड्यात झालं होतं."

साडेचार वाजले. काका लिहायला बसले. "नवे गुण देऊन टाकतो, झालं. मधाशी वाचकांना काय करायचंय?"

"नकाच लिहू मधाचं," मुलगी घाईने म्हणाली. "गुण तेवढे बदला."

बाई म्हणाल्या, "काल दोन आणि आज भरघोस. मधे काय झालं? तर ही घरी येऊन गेली. मालक काय समजतील?"

मुलीचा चेहरा उतरला. काकांनी तिच्याकडे पाहिलं, भिंगाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. गुप्तहेराला पळून जाण्याचे मार्ग माहीत असतात; पण हे घर त्यांचंच होतं. त्यांनी पेन उचललं.

'कालचा निकाल रद्द,' त्यांनी लिहिलं. 'सेटमध्ये कोणताही दोष नाही. दोष परीक्षकात आढळला. त्याने पुस्तिकेला मध फासला, दोन पानं चिकटवली, जिन्याशिवाय झाड उभं केलं आणि वर विचारलं की राणी उतरणार कशी. पुस्तिकेची पानं सोडवायला सांगितली असताना त्याने झाडाची पानं वाफवली. त्याने एका निरपराध दंतवैद्याची उलटतपासणी केली. जिना मात्र जरूर पाहावा. मी एकूण चार वेळा पाहिला.' आणखी दोन पानं त्यांनी जिन्याचंच वर्णन केलं, आणि पाच वाजता परीक्षण पाठवून दिलं.

 मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून होती. पावणेसहाला फोन वाजला. संपादिकाबाईंना हसण्यामुळे धड बोलता येत नव्हतं.

"काका, कारखान्याच्या मालकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, जो माणूस स्वतःला एवढं सोलतो, त्याचे गुण मान्य. पण तुम्ही गुण लिहायलाच विसरलात! किती?"

काकांनी घसा साफ केला. "नऊ."

मुलीने श्वास सोडला. मग भुवया जवळ आल्या. "एक कशाचा कापलात?"

"झाडाच्या पानाला आणि पुस्तकाच्या पानाला एकच शब्द ठेवल्याबद्दल."

"मग तो भाषेचा कापा ना! माझा कशाला?"

काकांनी विचार केला. युक्तिवादात खोट सापडेना. "दहा," ते फोनमध्ये म्हणाले.

मुलगी उठली, परत बसली, आणि मघापासून धरून ठेवलेला पेला तिने एका दमात रिकामा केला.

"बरं, आणि परीक्षकाला किती?" पलीकडून प्रश्न आला.

काकांनी फोनवर हात ठेवला. "बाई, काय सांगू?"

बाईंनी वहीतून मानही वर केली नाही. "नापास करू नका म्हणावं, मन लावून काम करतो. पण याच वर्गात परत बसवा. अजून वाचायला शिकायचंय."