उसवलेली टीप

रस्त्यापलीकडच्या ओसरीवर फीफी दादझी यांनी टेबलावरचे फडके हलकेच दूर केले, आणि अलीकडच्या ओसरीवर बसलेल्या एको बेंत्सिल यांचा केन्केचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उंड्याचा, घास हातातच राहिला.

फडक्याखाली शिलाईचे एक हातमशीन होते. काळेभोर, तुकतुकीत, अंगावर मानवी मुखाच्या सिंहाची सोनेरी नक्षी, आणि ती एका रेषेनेसुद्धा झिजलेली नव्हती. सेकोंदीच्या बंदरावरून परतणाऱ्या कोळणीही डोक्यावरच्या पाट्या सावरत क्षणभर थबकल्या.

"बघितलंस?" एको पत्नीला म्हणाले. "मुद्दाम उन्हात आणून ठेवलंय."

"मग काय विहिरीत ठेवायचं?" अराबा म्हणाली. "खा आधी. मासळी गार होतेय."

एको बेंत्सिल हे रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. जुनी शिलाई मशिने मिळवावीत, गंज उतरवावा, चाकांना तेल पाजावे आणि मुकी पडलेली यंत्रे पुन्हा बोलती करावीत, हे त्यांच्या उत्तरायुष्याचे व्रत होते. दादझी हे बंदरावरचे निवृत्त कारकून. त्यांचेही व्रत तेच. एका गल्लीत एकाच दैवताचे दोन पुजारी नांदू लागले म्हणजे जे व्हायचे, ते तेथे कित्येक वर्षे होत होते. एकाच्या घरी मशीन आले की दुसऱ्याच्या घरची झोप उडे.

त्यातच एको यांच्या संग्रहाचा मुकुटमणी सध्या मौनात होता. ते त्यांच्या आईचे मशीन. त्या माउलीने त्याच्यावर निम्म्या गावाचे कपडे शिवून लेकरे वाढवली होती. त्यावरही तोच सिंह होता. मात्र आईच्या मनगटाने घासून घासून त्याचे मुख पुसून गेले होते. गेल्या ईस्टरला त्याचे शटल हरवले. शटल म्हणजे सुईखालच्या सरकत्या पट्टीआड राहणारी बोटभर पोलादी होडी. तिच्या पोटात खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते. ती नसेल तर वरून सुई कितीही नाचली तरी टीप धरत नाही. एको यांनी घर पालथे घातले, कोंबड्यांच्या खुराड्यातही हात घालून पाहिला. दादझी तर स्वतः गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शोधत होते. "तसलं शटल आता मिळायचं नाही रे, एको," ते तेव्हा अगदी हळहळून म्हणाले होते.

न्याहारी उरकून एको पलीकडे गेले. न जाणे त्यांना शक्यच नव्हते.

"ये, ये! बघ बाबा, तुझी नजर पारखी."

"बरं आहे," एको म्हणाले. "चाक जरा जड वाटतंय."

"फिरवून बघ की."

चाक लोण्यातून फिरावे तसे फिरले.

"कुठे ठेवणार हे?"

"ठेवतोय कशाला? विकलं! घेणाऱ्यांनी काल शिवून बघितलं, खूश झाले. शनिवारी नेणार. कुणी ते विचारू नकोस, शब्द दिलाय. पण सांगून ठेवतो, जिथे जाईल तिथे चारचौघांत माझं नाव निघेल."

एवढे बोलून दादझी रीतीप्रमाणे पाहुण्यासाठी पाणी आणायला आत गेले. उभ्या नोकरीत ज्या हाताने रेल्वेचा एक खिळाही घरी आणला नव्हता, तो हात त्या क्षणी धन्याला न विचारता पुढे झाला. त्याने पट्टी सरकवली, होडी उचलली, पट्टी पूर्ववत केली. दादझी पाणी घेऊन आले तेव्हा एको आकाशाकडे पाहत होते आणि त्यांचा खिसा किंचित जड झाला होता.

'निघू दे नाव,' ते मनात म्हणाले. 'चांगलं निघेल.'

चोरलेल्या वस्तूकडे डोळे भरून पाहण्याचे धैर्य सज्जनाला होत नाही. घरी येताच एको यांनी चष्माही न लावता ते शटल चाचपतच आईच्या मशीनमध्ये बसवले. सुईत ईस्टरपासूनचा दोरा तसाच होता. त्यांनी हँडल फिरवले आणि मशीन बोलू लागले. तोच नाद, ज्याच्या तालावर त्यांना बालपणी झोप लागत असे. त्यांचे डोळे पाणावले.

"सापडलं का हो शटल?" अराबाने आतून विचारले.

"सापडलं."

"कुठे होतं?"

"कोंबड्यांच्या खुराड्यात."

शनिवारी एको यांच्या लेकीचा, एफुआचा, वाङ्निश्चय होता. अंगणात मांडव पडला. मुलाकडच्या बायका डोक्यांवर झाकलेल्या पाट्या घेऊन गात गात आल्या: कापडाचे तागे, दागिन्यांची पेटी, मद्याच्या बाटल्या. सर्वांच्या मागून दोन तरुणांनी एक झाकलेले टेबल आणले, आणि त्यांच्यामागे शुभ्र वस्त्र खांद्यावर टाकून, मानकऱ्याच्या थाटात, फीफी दादझी.

मुलाकडून वधूला शिलाई मशीन येते, ही रीत एको यांना ठाऊक नव्हती असे नाही. दादझींचा शनिवार आणि आपला शनिवार एकच, हेही पंचांग त्यांना कळत होते. परंतु मत्सराने गच्च भरलेल्या मनात या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायला जागा उरली नव्हती. टेबलावरचे फडके निघाले. सोनेरी सिंह एको यांच्याकडे पाहून हसला.

"मुलीच्या बापाकडूनच मशीन कसं विकत घेणार?" मुलाचे मामा क्वामेना खुलासा करू लागले. "म्हणून समोरच्यांकडून घेतलं. गुपचूप."

"छान," एको म्हणाले.

"छान काय, आधी टीप!" एको यांची थोरली बहीण आद्वोआ काठी आपटत उठली. मुलीकडून बोलण्याचा मान तिचा होता. "आमच्या घरात मशीन शिवून बघितल्याशिवाय पदरात घेत नाहीत. एफुआ, ये गं, घाल एक टीप."

एफुआने दोरा ओवला, हँडल फिरवले. खडखड तर झकास झाली. आद्वोआने कापड उचलून टोकाचा दोरा ओढला, आणि सबंध टीप सुळकन तिच्या हातात आली.

तिने तो सुटा दोरा सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"हे काय हो, मामा?" आद्वोआ म्हणाली. "आमच्या पोरीचा संसारही असाच उसवायचा विचार आहे का?"

"आत्याबाई, जपून बोला! चांगलं बघून घेतलंय आम्ही."

"एको, तुझ्याकडे मशिनांचा कळप आहे ना? बघ काय झालंय."

एको यांनी पट्टी सरकवली आणि जे तेथे नाही हे त्यांना सर्वांहून चांगले ठाऊक होते, ते तेथे नसल्याबद्दल शक्य तेवढे आश्चर्य दाखवले. "शटलच नाही."

"दादझी!" मामा गरजले. "पोकळ मशीन गळ्यात मारलंत होय?"

"होतं हो त्यात! आईशप्पथ होतं!"

"मग काय पोहत गेलं?"

"पाट्या उचला गं!" मुलाची मावशी कडाडली. "इतका अपमान करून घ्यायला नाही आलो आम्ही."

बायका खरोखरच पाट्या उचलू लागल्या. एफुआचे डोळे भरून आले. "बाबा," ती हळूच म्हणाली, "काहीतरी करा ना."

एको उठले. आईच्या मशीनपाशी गेले, पट्टी सरकवली आणि ती बोटभर होडी मुठीत घेऊन मांडवात परतले.

"हे घाला," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. कारण मात्र लोकांना वाटले त्याहून थोडे निराळे होते.

"आजीचं शटल?" एफुआ हुंदका देत म्हणाली.

"आणि याच आठवड्यात सापडलं होतं बरं का, खुराड्यात!" अराबाने सगळ्यांना सांगितले.

"वर धर, एको, बघू दे सगळ्यांना!" आद्वोआ ओरडली. "बघा, बापाने आपल्या मशीनचं काळीज काढून दिलं!"

एको यांनी चष्मा लावला आणि शटल उन्हात धरले. तेव्हा प्रथमच त्यांना तो दिसला: पोलादी पाठीवर चमकणारा एक इवलासा पितळी स्क्रू. मूळचा हरवल्यावर आईने सोनाराकडून घडवून घेतलेला. तसा दुसरा साऱ्या गावात नव्हता.

"आईचाच स्क्रू!" आद्वोआने काठी हवेत फिरवली.

एको यांनी सावकाश मान वळवली. दादझी त्या स्क्रूकडेच पाहत होते. त्यांचा चेहरा प्रथम उतरला आणि मग ताठरला. ईस्टरला टेबलाखाली इतका वेळ शोधणारे ते गुडघे एको यांना आठवले. कोणाच्या खुराड्यातून कोणती कोंबडी उडाली, ते दादझींना उमगले. दोघांच्याही ओठांवर एकच शब्द आला, आणि तो उच्चारणाऱ्याला स्वतःलाही लागू पडत असल्यामुळे दोघांनीही तो गिळला.

एफुआने टीप घातली. आद्वोआने दोन्ही हातांनी ओढली. कापड फाटले, टीप सुटली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्मात प्रथमच सारा गाव एको बेंत्सिल यांचे नाव घेत होता आणि दादझी ऐकत होते. आईचे शटल गेल्याचे दुःख त्या सुखात जवळजवळ बुडाले.

तोच दादझी घसा खाकरून उभे राहिले.

"आता सांगायला हरकत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "या मशीनचं शटल मीच काढून ठेवलं होतं. मुद्दाम. मघाची शपथही नाटकच. म्हटलं, पोरीच्या मशीनमध्ये तिच्या आजीची खूण असावी. एको देणार, याची मला खात्री होती. शेवटी मित्र कुणाचा?"

मामांनी धावत जाऊन दादझींना मिठी मारली. मावशीने डोळे पुसले. टाळ्या पुन्हा झाल्या, पहिल्यांदापेक्षा मोठ्या, आणि त्या सगळ्या दादझींच्या होत्या.

"किती मोठं मन!" अराबा म्हणाली. "शिका जरा त्यांच्याकडून."

'हे सारे स्वीकारायचे ना?' असे रीतीप्रमाणे तीन वेळा विचारल्यावर एफुआने तीनही वेळा होकार दिला. भोजने झाली. दिवस कलताना अराबाने दादझींच्या घरी ताट झाकून दिले आणि ते नेण्याचा मान अर्थातच एको यांना दिला.

दादझी फाटकातच उभे होते. त्यांनी ताट घेऊन कठड्यावर ठेवले.

"पोरगी सुखी राहील," दादझी म्हणाले.

"राहील," एको म्हणाले. "टीप पक्की आहे."

निरोप घेताना दोघा मित्रांनी एकमेकांना कडकडून मिठी मारली. दादझींचे हात एको यांच्या दोन्ही खिशांवरून सावकाश, काळजीपूर्वक फिरले. एको यांनी त्याचा राग मानला नाही. त्यांचेही हात तेच करत होते.